देहाची प्रयोगशाळा

हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर धरण आहे. काठावरून पाहिले असता त्याचा जलाशय किती शांत भासतो! परंतु त्या शांत पृष्ठाखाली केवढा भार साठलेला असतो, याची कल्पना काठावर उभे राहून येत नाही. विहिरीत बुडी मारून तळाची माती वर आणणाऱ्या मुलाला ती थोडीफार येते. त्याचे कान दुखू लागतात. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. या दाबाखाली माणसाच्या शरीराचे काय होते, हे जाणण्यासाठी ज्यांनी आपलाच देह पणाला लावला, त्या जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञांची ही कथा आहे.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे थोर अभ्यासक होते. एकदा एका खाणीत त्यांनी मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात मुलाचे पाय लटपटले व तो खाली कोसळला. जमिनीलगत हवा चांगली होती, म्हणून तो लगेच सावध झाला. खाणीतील ज्वालाग्राही वायू हलका असून वरच्या बाजूस साचतो, हा धडा त्याला असा मिळाला.

त्या काळी खोल पाण्यातून झटकन वर आलेले पाणबुडे सांधेदुखीने तळमळत. काही पंगू होत, काही प्राणासही मुकत. सोड्याची बाटली उघडताच जसे बुडबुडे उसळतात, तसे दाब एकाएकी कमी होताच रक्तात विरघळलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होतात. यावर उपाय म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची पद्धत वडिलांनी शोधली व १९०८ साली तिची कोष्टके प्रसिद्ध केली. त्या प्रयोगांच्या वेळी, १९०६ साली, तेरा वर्षांच्या हॉल्डेननेही स्कॉटलंडच्या समुद्रात बुडी मारली. पोशाख सैल होता. आत पाणी शिरू लागले, तरी तो डगमगला नाही.

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. १०३ जणांपैकी अवघे चार वाचले. पाणबुडीच्या बंद हवेत माणसे कशी गुदमरली असतील, हे पाहण्यासाठी हॉल्डेन चार सहकाऱ्यांसह पोलादी कोठीत कित्येक तास बसून राहिले. डोके ठणकू लागले, श्वास लागला, तरी त्यांची निरीक्षणे चालूच होती.

पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी याहून कठीण प्रयोग केले. अतिदाबाखाली जीवनदायी प्राणवायूदेखील विषासारखा होतो व नत्रवायूने बुद्धी भ्रमिष्ट होते. ही मर्यादा कोठे सुरू होते, हे त्यांनी स्वतःवर पारखले. कडाक्याच्या थंडीचाही परिणाम अजमावला. या प्रयोगांत त्यांच्या कानाचा पडदा फाटला. झटके येऊन पाठीच्या मणक्यांना इजा झाली. ते दुखणे त्यांनी पुढे अनेक वर्षे सोसले. दुसऱ्यास धोक्यात लोटण्यापूर्वी तो धोका आपण पत्करावा, हा वडिलांकडून आलेला वारसा त्यांनी कधी सोडला नाही.

१९५६ साली ब्रिटनने सुएझवर आक्रमण केले. त्याच्या निषेधार्थ १९५७ साली ते सपत्नीक भारतात आले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी संशोधन केले, भारतीय पोशाख व शाकाहार स्वीकारला आणि या देशाचे नागरिकत्वही घेतले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. आपला देह त्यांनी काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास दिला होता. आयुष्यभर प्रयोगशाळा झालेला तो देह मृत्यूनंतरही ज्ञानाच्याच कामी आला.

आज मालवणजवळ तारकर्ली येथे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून बुडी मारण्याचे रीतसर शिक्षण मिळते. सावकाश उतरावे, कान सांभाळावेत, वर येताना घाई करू नये, हे पाणबुड्याचे पहिले धडे असतात. ते ऐकावयास साधे वाटतात. परंतु त्यांतील ज्ञान मिळविण्यासाठी काहींनी आपल्या प्राणांचे मोल दिले आहे आणि हॉल्डेन पितापुत्रांसारख्यांनी स्वेच्छेने वेदना सोसल्या आहेत, याचे स्मरण पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने ठेवले पाहिजे.