हवेवर चालणारे चाक

मुलांनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. आष्टी, पाटोदा, वडवणी, धारूर अशा तालुक्यांतील कितीतरी घरांना कुलपे लागतात. ही माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. तोडलेला ऊस कारखान्यापर्यंत नेण्यासाठी त्यांच्यापैकी अनेकांजवळ बैलगाडी असते. या गाडीची चाके तुम्ही पाहिली असतील. जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवलेली असते. या गाडीला मात्र हवा भरलेले रबरी टायर असतात. म्हणून तिला टायरगाडी म्हणतात.

तुमची सायकल, रस्त्यावरची एस.टी. आणि शर्यतीत वाऱ्यासारखी धावणारी स्पोर्ट्स कार, या सगळ्यांची चाके अशीच हवेवर चालतात. हे चाक लोकांच्या हाती देणारे गृहस्थ इंजिनियर नव्हते. ते गुराढोरांचे डॉक्टर होते. त्यांचे नाव जॉन बॉइड डनलॉप. त्यांची हकिकत आज आपण वाचू या.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो शहरात त्यांनी जनावरांच्या वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच ते डॉक्टर झाले. पुढे १८६७ साली ते आयर्लंडमध्ये गेले. बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना थाटला आणि तो चांगला नावारूपाला आणला. त्या काळी मोटारी नव्हत्या. माणसे आणि माल वाहून नेण्याचे काम घोडेच करीत. खडबडीत रस्त्यावर जड गाडी ओढताना मुक्या जनावराचे किती हाल होतात, हे या डॉक्टरांना वेगळे सांगावे लागत नव्हते.

त्या वेळी घोडागाडीच्या चाकांना लोखंडी धाव असे. सायकलच्या चाकांवर रबर असे, पण ते भरीव असे. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावरून सायकल चालवली, की हाडे खिळखिळी होत. डनलॉप यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा जॉनी याच्याकडे तीनचाकी सायकल होती. दगडी रस्त्यावर तिचे धक्के खाऊन तो त्रासून जाई. मुलाचा हा त्रास कमी कसा करावा, याचा विचार वडील करू लागले.

डनलॉप यांना रबराच्या वस्तू हाताने तयार करण्याची सवय होती. त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराची नळी करून ती चकतीच्या कडेभोवती बसवली आणि वरून कापड घट्ट ताणून खिळ्यांनी ठोकले. मग फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. आता परीक्षा घ्यायची होती. त्यांनी जॉनीच्या सायकलचे पुढचे चाक काढले आणि आपल्या घराच्या अंगणात जोराने ढकलून दिले. ते थोडे अंतर जाऊन आडवे पडले. नंतर त्यांनी हवेची चकती तशीच ढकलली. ती सगळे अंगण ओलांडून गेली, पलीकडच्या फाटकावर आदळली आणि उसळून मागे आली!

असे का झाले असेल? जरा विचार करा. कडक चाकासमोर दगड आला, की चाकाला त्या दगडावर चढावे लागते. चाकाबरोबर गाडी आणि तिच्यातील ओझेही वर उचलले जाते आणि पुन्हा धाडकन खाली येते. प्रत्येक दगडाला असे व्हायचे. ओढणाऱ्याची कितीतरी ताकद या चढण्या-आदळण्यात वाया जाते. हवेचे चाक मात्र दगडावर चढत बसत नाही. जिथे दगड लागतो तेवढीच जागा आत दबते आणि दगड मागे पडला की पुन्हा फुगते. चाक जणू दगडाला आपल्या पोटात घेते. त्यामुळे धक्का कमी बसतो आणि वेग टिकून राहतो.

फेब्रुवारी १८८८ मध्ये जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन चाकांना असे टायर बसवले गेले. जॉनीने सायकल चालवून पाहिली आणि तो खूश झाला. त्याच वर्षी डनलॉप यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारकडून मिळणारा हक्क. पेटंट असलेली वस्तू शोधकाच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणाला तयार करता येत नाही.

पण लोकांना हे जाडजूड, फुगलेले टायर पाहून हसू येई. अशा चाकावर कोणी वेगाने जाऊ शकेल, हे त्यांना खरे वाटत नव्हते. मे १८८९ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलच्या शर्यती झाल्या. विल्यम ह्यूम नावाचा एक सायकलपटू हवेच्या टायरची सायकल घेऊन उतरला. तो काही त्या काळचा सर्वांत नावाजलेला सायकलपटू नव्हता. पण त्या दिवशी त्याने भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या. हसणारे लोक गप्प झाले. हरलेल्या सायकलपटूंमध्ये हार्वे ड्यू क्रॉस या व्यापाऱ्याचे मुलगेही होते. ड्यू क्रॉस यांनी या टायरची किंमत ओळखली. त्याच वर्षी त्यांनी डब्लिन शहरात टायर तयार करणारी कंपनी उभी केली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीला दिले आणि बदल्यात त्यांना थोडे पैसे व काही शेअर मिळाले.

आता यश हाती आले, असे तुम्हांला वाटेल. पण तेवढ्यात एक वेगळीच गोष्ट उघड झाली. पेटंट मिळून दोन वर्षे झाली असतील-नसतील, तोच ते रद्द ठरले. कारण हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ सालीच नोंदवून ठेवली होती. तेही स्कॉटलंडचेच. त्यांनी घोडागाडीला हवेची चाके लावून ती चालवूनही दाखवली होती. पण तेव्हा आजच्यासारख्या सायकली नव्हत्या आणि मोटारीही नव्हत्या. त्यामुळे लोक तो शोध विसरून गेले होते. डनलॉप यांना त्याची काहीच माहिती नव्हती. त्यांनी आपल्या बुद्धीने आणि मेहनतीने तीच वाट पुन्हा शोधली होती. तरीही कायद्याने पहिला मान थॉमसन यांचा होता आणि तो त्यांना मिळणे योग्यच होते.

पेटंट गेले, पण टायर थांबला नाही. कंपनीने इतर शोधकांची पेटंटे विकत घेतली. टायर चाकाच्या कडेवर पक्का बसवण्याची आणि गरज पडल्यास सहज काढण्याची युक्ती अशी मिळाली. १८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी मोटारींची मोठी शर्यत झाली. मिशलँ नावाच्या दोन भावांनी आपल्या मोटारीला हवेचे टायर लावले होते. वाटेत टायर पुन्हा पुन्हा पंक्चर झाले. शर्यत त्यांनी जिंकली नाही. परंतु मोटार हवेच्या टायरवर धावू शकते, हे सगळ्यांनी पाहिले. पुढे मोटारींनी हेच टायर स्वीकारले.

आजची स्पोर्ट्स कार तयार करणारे इंजिनियर गाडीच्या स्प्रिंगांचा आणि शॉकॲब्सॉर्बरचा बारकाईने विचार करतात. स्प्रिंग धक्का झेलते. शॉकॲब्सॉर्बर स्प्रिंगचे वरखाली नाचणे लवकर थांबवतो. या दोघांचे मुख्य काम एकच, ते म्हणजे टायर रस्त्यावरून उचलू न देणे. एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि ती प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. गाडी वळते ती त्या पकडीवर आणि थांबते तीही त्या पकडीवर. स्प्रिंग फार कडक असली, तर खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारते आणि पकड सुटते. ती फार मऊ असली, तर वळणावर गाडी एका बाजूला झुकते. टायरमधील हवेचेही तसेच आहे. हवा फार झाली तर टायर उसळतो. कमी झाली तर तो डुलतो आणि तापतो. म्हणून शर्यतीपूर्वी हवेचा दाब काटेकोरपणे मोजतात. गाडीची पहिली स्प्रिंग म्हणजे टायरमधील हवाच होय.

आता पुन्हा टायरगाडीचा विचार करा. बहुतेक टायरगाड्यांना स्प्रिंग नसते की शॉकॲब्सॉर्बर नसतो. खड्ड्यांच्या वाटेने उसाचे ओझे नेताना धक्का झेलायला फक्त दोन टायर असतात. रुंद टायर मऊ मातीत लोखंडी धावेसारखा रुतत नाही. त्यामुळे तेवढीच ताकद लावून बैल जास्त ओझे ओढू शकतात. पण यातही एक धोका आहे. चाक हलके झाले म्हणून माणूस ओझे वाढवत गेला, तर बैलांचे कष्ट जिथल्या तिथेच राहतात. शोध कितीही चांगला असला, तरी दया माणसालाच दाखवावी लागते.

डनलॉप यांनी १८९५ च्या सुमारास कंपनी सोडली. १८९६ साली ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली. त्या मोठ्या संपत्तीत डनलॉप यांचा वाटा नव्हता. पुढची वर्षे त्यांनी डब्लिनमध्ये साधेपणाने घालवली. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी ते वारले. त्यांचे नाव मात्र टायरवर कोरले जाऊन जगभर फिरत राहिले. भारतातही १९३६ साली हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे त्यांच्या नावाच्या कंपनीने टायरचा कारखाना सुरू केला होता.

मुलांनो, थॉमसन यांनी कल्पना आधी मांडली आणि डनलॉप यांनी ती लोकांच्या उपयोगी पाडली. दोघांचेही आपल्यावर उपकार आहेत. डनलॉप यांना धन फारसे मिळाले नाही, पहिल्या शोधकाचा मानही मिळाला नाही. पण त्यांनी सुरुवात मानासाठी केलीच नव्हती. आपल्या मुलाला बसणारे धक्के त्यांना पाहवले नाहीत, म्हणून ते कामाला लागले. दुसऱ्याचा त्रास पाहून ज्याचे मन हलते आणि त्याबरोबर हातही हलतात, त्याचे काम जगाच्या उपयोगी पडते.