सरावाच्या नेटपासून लॉर्ड्‌सच्या काळापर्यंत : बाळू पालवणकर

भारताने पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. त्याआधी एकवीस वर्षे, १९११ च्या उन्हाळ्यात, एका भारतीय डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने इंग्लंडच्या मैदानांवर ११४ बळी घेतले होते. बाळू पालवणकर हे त्याचे नाव. भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो. मात्र ज्या संघासाठी त्यांनी वर्षानुवर्षे घाम गाळला, त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. मूळ घराणे कोकणातील, चर्मकार समाजातील. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळीवर बाळू व धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरवले. पुढे बाळूंना पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडण्याचे काम मिळाले आणि त्यानंतर, १८९२ च्या सुमारास, ते युरोपियनांच्या पूना क्लबात दाखल झाले. पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, रेषा आखणे, सरावासाठी जाळी उभारणे, ही त्यांची कामे.

त्याच जाळीत त्यांच्या हाती चेंडू आला. क्लबातील साहेबांना, विशेषतः हॅम्पशायरकडून खेळणाऱ्या जे. जी. ग्रेग यांना सराव देण्यासाठी बाळू तासन्‌तास गोलंदाजी करू लागले. आज ज्याला प्रशिक्षकाचे काम म्हटले जाईल, ते एक पोरगेलासा नोकर करीत होता. आपल्याला बाद केल्यास ग्रेग प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते. ग्रेग यांची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजीही. टप्प्यावरील हुकमत, दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू, गतीतील फसवे बदल ही आयुधे त्यांनी तेथेच परजली. फलंदाजीची संधी मात्र त्या क्लबात त्यांना मिळाली नाही. फळी साहेबांच्या हाती आणि चेंडू चाकराच्या, अशीच ती विभागणी होती.

या गोलंदाजाची कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबापर्यंत पोहोचली तेव्हा तेथे पेच पडला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवे होते. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या खेळाडूला बरोबर घेण्यास सनातनी सभासदांचा विरोध होता. अखेर बाळू संघात आले आणि सामने जिंकून देऊ लागले. मैदानावर त्यांच्या हातून आलेला तोच चेंडू सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून येई आणि जेवणाची पंगतही निराळी असे.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी नमवले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. याच संघात शिवरामही होते. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात झालेला हा पराभव देशभर गाजला.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. तेवीसपैकी पंधरा सामने संघाने गमावले. तरीही बाळूंची गोलंदाजी अखेरपर्यंत धारदार राहिली. मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर यांनी लिहिले, असे मानले जाते.

कर्णधारपदाचा मान दरवेळी उच्चवर्णीय खेळाडूकडेच जाई. आपल्याऐवजी तो बाळूंना मिळायला हवा होता, असे खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनीही जाहीरपणे बोलून दाखवले. १९२० मध्ये हा प्रश्न चिघळला. बाळूंना वगळून नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे सोपवण्याचे ठरताच शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी संघातून माघार घेतली. जनमताच्या रेट्याने निवड समितीला नमते घ्यावे लागले. पै पुन्हा कर्णधार झाले आणि बाळू उपकर्णधार. त्यांची कारकीर्द तेव्हा मावळतीला आली होती. जे त्यांना नाकारले गेले, ते १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी त्याच वर्षी चौरंगी स्पर्धा जिंकली. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी अस्पृश्यांसाठी खुले केले ते १९२८ मध्ये. क्रिकेटच्या मैदानाने हे दार त्याआधी पाच वर्षे उघडले होते.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही स्वाक्षरी आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते गांधीजींच्या बाजूने उभे राहिले आणि आंबेडकरांशी त्यांचे मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्धच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्याच्या गौरवाचे शब्द एकाने कधीकाळी लिहिले, तोच दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी ठरला.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, ही त्यांच्या नावावरील नोंद. चार रुपये पगारावर दुसऱ्यांसाठी खेळपट्टी तयार करणाऱ्या हाताने ती स्वतःच्या बळावर मिळवली होती.