दाराशा वाडिया : शिकविता शिकविता घडलेले भूवैज्ञानिक

दाराशा नौशेरवान वाडिया यांचे आम्ही आदराने स्मरण करतो. १८८३ साली सुरत येथे जन्मलेले वाडिया बडोद्यात शिकले व १९०७ मध्ये जम्मूस अध्यापक झाले. सुट्ट्यांत हिमालय तुडवून त्यांनी खडक व जीवाश्म जमविले. १९१९ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी भारताच्या भूविज्ञानावर ग्रंथ लिहिला. आपला पारसिक डोंगर ज्या लाव्हाथरांचा बनला आहे, त्यांचेही विवेचन त्यात आहे. युरोपीय पदवी नसतानाही १९२१ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. नंगा पर्वतापाशी हिमालयाच्या रांगा का वळतात, याचा उलगडा त्यांनी केला. १९५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९६९ मध्ये निवर्तले. घरात या वाटेने पूर्वी कोणी गेले नाही, म्हणून विद्यापीठात भूविज्ञान वा पर्यावरणशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना पालकांनी अडवू नये, एवढीच आमची विनंती.