प्रेअरीवरील शाळेच्या बाई

लॉरा इंगल्स वाइल्डर हे नाव बालसाहित्यामुळे जगभर पोहोचले. परंतु लेखिका होण्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक आधी त्या अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात, एका खोलीच्या शाळेत शिक्षिका होत्या.

७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील पेपिन गावाजवळच्या अरण्यात लॉराचा जन्म झाला. वडील चार्ल्स नव्या जमिनीच्या शोधात बिऱ्हाड हलवीत राहिले. कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा असे मुक्काम करीत १८७९ मध्ये कुटुंब डाकोटा प्रदेशात आले आणि पुढे डी स्मेट या नव्या गावी स्थिरावले. आई कॅरोलाइन लग्नापूर्वी शिक्षिका होत्या. मुलींनी शिकावे, हा त्यांचा आग्रह प्रत्येक मुक्कामी कायम राहिला.

त्याच वर्षी आजारपणात थोरली बहीण मेरी हिची दृष्टी गेली. लॉरा तिला भोवतालचे जग शब्दांनी सांगू लागली. १८८१ मध्ये मेरी आयोवातील व्हिंटन येथील अंधांच्या महाविद्यालयात दाखल झाली. घरची मिळकत बेताची होती. बहिणीच्या शिक्षणाला हातभार लागावा म्हणून स्वतः शिकत असतानाच लॉराने परीक्षा देऊन शिक्षिकेचा दाखला मिळवला. तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती.

पहिली शाळा गावापासून अनेक मैल दूर, एका शेतकऱ्याने सोडून दिलेल्या झोपडीवजा घरात भरे. फळ्यांच्या फटींतून बर्फाचे कण आत येत. विद्यार्थी पाच, त्यांतील काही बाईंपेक्षा उंच! वेतन महिना २० डॉलर. अशा शाळांत सर्व इयत्ता एकत्र बसत. एक गट पुढे येऊन धडा म्हणून दाखवी, तेव्हा इतर मुले पाटीवर गणिते सोडवीत. थंडी असह्य झाली की शेगडीभोवती सर्वांना बसवून शिकवणे चाले. शिक्षिकेची राहण्याची सोय विद्यार्थ्यांच्याच वस्तीतील एखाद्या घरी होई. परक्या घरातील ओढगस्तीच्या वातावरणात लॉराबाई रात्री स्वतःचाही अभ्यास करीत. कारण गावातील त्यांचा वर्ग पुढे जात होता.

१८८३ ते १८८५ या काळात त्यांनी तीन सत्रे अध्यापन केले. दर सत्रामागे स्वतःच्या वर्गातील उपस्थिती तुटत गेली आणि अखेर शालेय शिक्षण अपुरेच राहिले. २५ ऑगस्ट १८८५ रोजी आल्मान्झो वाइल्डर यांच्याशी विवाह झाला आणि अध्यापनही संपले. मेरी मात्र १८८९ मध्ये आपला अभ्यासक्रम पूर्ण करून घरी परतली.

पुढे दुष्काळ, आजारपण, कर्ज यांतून वाट काढीत वाइल्डर दांपत्य १८९४ मध्ये मिसूरीतील मॅन्सफिल्ड येथे गेले. तेथे शेती सांभाळून लॉराबाई कृषिविषयक नियतकालिकात लिहू लागल्या. १९३२ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४३ मधील 'दीज हॅपी गोल्डन इयर्स' या पुस्तकात त्या पहिल्या शाळेची हकीकत आली आहे. मेरीसाठी जग शब्दांत मांडण्याची जुनी सवय आता असंख्य मुलांच्या उपयोगी पडली.

१० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वदी पूर्ण केल्यानंतर तीनच दिवसांनी, त्यांचे निधन झाले. आज अमेरिकेत त्यांच्या नावाच्या शाळा आहेत. शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मात्र त्यांच्या हाती कधीच आले नाही.