गागोद्याचे विनोबा : युद्धकाळातील त्याग आणि शांतिकाळातील दान

राष्ट्रावर युद्धाचे सावट आले म्हणजे माणसांची मने बदलतात. एरवी पै-पैशाचा हिशेब ठेवणारा गृहस्थ संरक्षण निधीला सढळ हाताने देतो. माता-भगिनी अंगावरचे सोने उतरवून देतात. एकुलत्या एका मुलाला आघाडीवर धाडताना आई डोळ्यांतले पाणी आवरते. मात्र युद्ध संपले की तोच समाज बांधावरच्या हातभर जमिनीसाठी कोर्टाची पायरी चढतो. संकटात जागी होणारी ही त्यागवृत्ती शांतीच्या काळात कोठे जाते? हा प्रश्न ज्यांच्या जीवनातून आपल्यापुढे ठळकपणे उभा राहतो, ते आचार्य विनोबा भावे आपल्या रायगड जिल्ह्याचे सुपुत्र होत.

पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असल्याने विनायकाच्या बालपणीची पहिली वर्षे गागोद्याला आजोबा शंभूराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेली. आई फारशी शिकलेली नव्हती, पण मोठी भाविक होती. घरच्या झाडाचा फणस उतरवला की त्यातले गरे आधी शेजारच्या घरोघरी पोहोचवायचे आणि मगच मुलांनी खायचे, असा तिचा दंडक होता. देणारा तो देव आणि स्वतःजवळ राखून ठेवणारा तो राक्षस, ही शिकवण तिने मुलांच्या मनावर बिंबवली. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेचे प्रभू येशूने कौतुक केले, ते तिने आपल्या तुटवड्यातून दिले म्हणून. रुक्मिणीबाईंच्या घरातील संस्कार त्याच जातीचा होता. पुढे लाखो एकर जमीन मागणाऱ्या विनोबांच्या भूदानाचे बीज या फणसाच्या गऱ्यांत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

शिक्षणासाठी बडोद्याला गेलेला हा बुद्धिमान तरुण पदवीच्या मोहात रमला नाही. त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत जाळून टाकली. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला निघाला असता तो वाटेत सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. तेथे त्याला महात्मा गांधींच्या विचारांचा परिचय झाला. त्याच वर्षीच्या ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली आणि विनोबांच्या जीवनाची दिशा ठरली.

पहिल्या महायुद्धाची छाया

तो काळ पहिल्या महायुद्धाचा होता. १९१८ साली खुद्द गांधीजींनी गुजरातेतील खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव प्रचार केला, हे आज अनेकांना ठाऊक नसते. युद्धाचे वारे अहिंसेच्या उपासकालाही कसे वेगळ्या वाटेने नेते, याचे हे उदाहरण आहे. युद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली. तिने लक्षावधी बळी घेतले. त्यांत विनोबांची आईही होती.

१९२१ साली विनोबा वर्ध्याला आले आणि सूत कातणे, शेती, अध्यापन व चिंतन यांत त्यांनी स्वतःला वाहून घेतले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. तथापि देशातील सामान्य माणसाला त्यांचे नाव तेव्हा फारसे माहीत नव्हते.

पहिले सत्याग्रही

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्यामुळे देशापुढे मोठा नैतिक पेच निर्माण झाला. एकीकडे नाझी सत्तेच्या क्रौर्याबद्दल चीड आणि लंडनवर बाँबवर्षाव होत असताना ब्रिटिश जनतेबद्दल सहानुभूती होती. दुसरीकडे, ज्या देशाला स्वतःचे स्वातंत्र्य नाही त्याने दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी रक्त का सांडावे, हा प्रश्न होता. संकटात सापडलेल्या ब्रिटनची कोंडी करायची नाही, म्हणून गांधीजींनी जनआंदोलन टाळले आणि निवडक व्यक्तींचा सत्याग्रह योजला. युद्धाला माणसांची वा पैशाची मदत करणे अयोग्य आहे, एवढेच सत्याग्रहीने जाहीरपणे सांगायचे आणि तुरुंगात जायचे.

या सत्याग्रहाचा पहिला मान विनोबांना मिळाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांनी पवनार येथे भाषण करून सत्याग्रह केला आणि काही दिवसांतच त्यांना अटक झाली. दुसरे सत्याग्रही म्हणून पंडित नेहरूंची निवड झाली होती. या दोन नावांतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. नेहरूंचा विरोध पारतंत्र्यात लादलेल्या युद्धाला होता, तर विनोबांचा विरोध युद्धमात्राला होता. पुढील काही महिन्यांत वीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांनी या मार्गाने कारावास पत्करला. त्याच वेळी लाखो भारतीय तरुण सैन्यात भरती होत होते. काही ध्येयाने गेले, काही पोटासाठी गेले. त्यांच्याही शौर्याला आणि बलिदानाला कमी लेखता येणार नाही.

येथे शेजारच्या रोह्याचे स्मरण अपरिहार्य आहे. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव, म्हणजेच सी. डी. देशमुख, हे विनोबांपेक्षा अवघ्या चार महिन्यांनी लहान होते. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पेणचा एक सुपुत्र युद्धाला नकार देऊन तुरुंगात आणि रोह्याचा दुसरा युद्धकाळातील देशाच्या अर्थव्यवस्थेची धुरा वाहत होता. ब्रिटनसाठी भारतातून माल जात होता आणि त्याचे पैसे लंडनमध्ये येणे म्हणून साचत होते. इकडे महागाई भडकली होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्यांच्या मरणाला कोणी त्याग म्हणणार नाही. मनापासून दिलेले आणि बळजबरीने घेतलेले यांतील अंतर युद्धकाळात पुसट होते, हे या वर्षांनी दाखवून दिले.

शांतीच्या काळातील मागणे

स्वातंत्र्य मिळाले आणि त्यागाची लाट ओसरू लागली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलितांनी विनोबांकडे जमिनीची मागणी केली. त्यांनी ती गावकऱ्यांपुढे ठेवताच रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. तेथून भूदानयात्रा सुरू झाली. कोणताही शत्रू सीमेवर उभा नसताना, कायद्याचा बडगा नसताना, केवळ शेजाऱ्याच्या भुकेसाठी देण्याची हाक घेऊन विनोबा वर्षानुवर्षे पायी फिरले. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानात मिळाली. अर्थात त्यातील बरीच जमीन नापीक वा वादग्रस्त होती आणि मोठा भाग कधीच वाटला गेला नाही, हेही सत्य आहे.

१९५७ साली त्यांनी शांतिसेनेची स्थापना केली. एकजुटीने राहणारे, कोणीही उपाशी नसलेले गाव हेच राष्ट्राचे खरे संरक्षण, असे ते ग्रामदानाविषयी सांगत. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून पायी गेले आणि तेथील लोकांनीही त्यांना जमीन दिली. पुढच्याच महिन्यात चीनचे आक्रमण झाले. देशात संतापाची आणि त्यागाची प्रचंड लाट उसळली. तीत शांतीचा शब्द उच्चारणे कठीण झाले. १९६३ साली शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा निघाली, तेव्हा तिला स्वकीयांचाही रोष पत्करावा लागला आणि चीनने तिला प्रवेश दिला नाही.

याच सुमारास, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल युकरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईस आले. शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग राष्ट्रांनी गोरगरिबांसाठीच्या जागतिक निधीला द्यावा, असे आवाहन त्यांनी येथूनच जगाला केले. पुढच्या वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अहिंसेचा मार्ग स्वीकारणाऱ्यांची प्रशंसा केली आणि त्याच वेळी देशरक्षणार्थ लढणाऱ्या सैनिकाच्या सेवेलाही मान दिला. विनोबांनीही नव्या करारातील वेचे निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. डोंगरावरील प्रवचन त्यांना परके नव्हते.

विनोबांच्या सर्वच भूमिका सर्वांना पटल्या नाहीत. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका झाली. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी व औषधे नाकारली आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे देह ठेवला. जीवन ही परमेश्वराची देणगी मानणाऱ्या ख्रिस्तसभेची शिकवण येथे वेगळी आहे. मात्र त्यामुळे त्यांच्या जीवनाने विचारलेला प्रश्न लहान होत नाही. त्यांच्या आधी सहा आठवडे, २ ऑक्टोबर रोजी, चिंतामणराव देशमुख निवर्तले होते. १९८३ साली विनोबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

युद्ध माणसाकडून त्याग करवून घेते, कारण ते त्याला शत्रू दाखवते. विनोबांनी माणसाला शेजारी दाखवला आणि त्याच्यासाठी मागितले. प्रभू येशूनेही श्रीमंत तरुणाला गोरगरिबांसाठी सर्वस्व देण्यास सांगितले आणि तो खिन्न होऊन निघून गेला. उपवासकाळात आपण दानपेटीत काही टाकतो, ते चांगलेच आहे. परंतु संकटाची घंटा वाजल्यावाचून, वर्षाच्या कोणत्याही साध्या दिवशी, घरातील फणसाचे पहिले गरे शेजारी पोहोचतात का, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने स्वतःशी द्यायचे आहे.