घाईच्या घडीची शिस्त : वाल्डेमार हाफकिन

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी चिंचपोकळीजवळच्या आर्थर रोड रुग्णालयावर सुमारे एक हजार गिरणी कामगार चालून गेले. हेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. साथरोगांसाठी ते १८९२ मध्ये उभे राहिले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला, आणि काही दिवसांतच पालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवायला सुरुवात केली. तिथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, अशी वदंता चाळीचाळींतून पसरली होती. खाटा होत्या, डॉक्टर होते, पण लोकांचा विश्वास नव्हता.

याच महिन्यात, ७ ऑक्टोबरला, वाल्डेमार हाफकिन कोलकात्याहून मुंबईत दाखल झाले. त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते, वैद्यकीय पदवीधर नव्हते, आणि ब्रिटिश डॉक्टरमंडळींना ही गोष्ट कायम खुपत राहिली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना सुरुवातीला ग्रंथालयात साहाय्यकाचे काम मिळाले. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले. गावोगाव फिरून त्यांनी हजारो लोकांना ती लस टोचली.

मुंबईत त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताशी मोजकी माणसे. कामाचा ताण असा की साहाय्यकांपैकी एकाचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि दोघे काम सोडून गेले. हाफकिन यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवले. वर तुपाचे थेंब सोडले की त्याखाली जंतूंची वाढ झुंबरासारखी लोंबत असे. हे जंतू उष्णतेने मारून लस तयार होई. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले, पण ते कामावर हजर राहिले.

त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांनाच लस द्यायची आणि उरलेल्यांशी तुलना करायची, असे ठरले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले सहा दगावले. लस घेतलेल्यांत पुढे दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. ऐन साथीतही हाफकिन यांनी हिशेब सोडला नाही.

विश्वासाचा प्रश्न मात्र केवळ आकड्यांनी सुटणारा नव्हता. तिसरे आगाखान यांनी लोकांदेखत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. वेगवेगळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालये काढू दिली, तसे लोक आपले आजारी माणूस दाखवायला तयार होऊ लागले. सक्तीने लपलेला रुग्ण भरवशाने बाहेर आला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा स्थिरावली. एका व्हरांड्यात सुरू झालेले काम आता लाखो मात्रांवर गेले.

पुढची कसोटी पंजाबात लागली. तिथून लशीची प्रचंड मागणी आली, तेव्हा लवकर उत्पादन व्हावे म्हणून पद्धत बदलली गेली आणि आधी घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळले गेले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावात १०७ जणांना पाच बाटल्यांमधून लस टोचली. त्यातल्या ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेले सर्व १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी समितीने प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. हाफकिन निलंबित झाले आणि भारत सोडून गेले.

पुढे पुराव्यांची फेरतपासणी झाली. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा हातात घेतला होता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने वास घेऊन पाहिला होता आणि कुठलाही वेगळा वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे आत वाढले असते, तर दुर्गंधी आली असती. म्हणजे दूषितता गावातच झाली होती. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ उघडपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. बाटलीचा क्रमांक, कुणाला कुठल्या बाटलीतून लस दिली याची नोंद आणि त्या क्षणाची एक साधी पाहणी, एवढ्यावर त्यांची अब्रू परत आली. पण मुंबईची जागा भरली गेली होती. ते कोलकात्यात काम करून निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. तोवर तिथून लशीच्या दोन कोटी साठ लाखांवर मात्रा रवाना झाल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

रेल्वे अपघात, चेंगराचेंगरी, इमारत कोसळणे किंवा साथ, अशा वेळी एका तासात शेकडो रुग्ण येतात, तेव्हा आजही कसोटी याच तीन ठिकाणी लागते. पहिली जागा दरवाजावर. आपले माणूस कुठे आहे हे नातेवाइकांना एका ठिकाणी, एकाच माणसाकडून कळले नाही, तर गर्दी आत घुसते आणि उपचार थांबतात. दुसरी साठ्याची. रक्त, सलाइन, ऑक्सिजन आणि माणसे आधी मोजून ठेवलेली नसली, तर ऐन वेळी धावाधाव करून भागत नाही. तिसरी शेवटच्या हाताची. कुणावर आधी उपचार करायचे हे ठरवून मनगटावर लाल, पिवळी किंवा हिरवी पट्टी बांधणे, तिच्यावर क्रमांक आणि दिलेले औषध लिहिणे, प्रत्येक रुग्णानंतर हातमोजे बदलणे, ही कामे घाईत सर्वांत आधी सुटतात. ती सुटू नयेत म्हणूनच रुग्णालयांत आपत्तीची रंगीत तालीम घ्यायची असते, आणि तीत सफाई कामगारापासून रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत सगळे हवेत. मुलकोवालला लस चांगली होती आणि हेतूही चांगला होता. तरी खाली पडलेल्या एका चिमट्याने १९ जीव गेले.