चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये १८२०च्या दशकात एक डॉक्टर वॉर्डातून फिरताना रुग्णाच्या लघवीचे चार थेंब साध्या चमच्यात घेत आणि तो चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत. बहुतेकांच्या लघवीला काहीच होत नसे, ती उकळे आणि आटून जाई. पण काहींची लघवी तापताच गढूळ होई, मग दुधाळ, आणि शेवटी चमच्यात पांढरा साका धरे. अंड्यातला पांढरा बलक तव्यावर पडला की जसा थिजतो, तसाच. कारणही तेच होते. लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले प्रथिन, उतरलेले होते.

या डॉक्टरांचे नाव रिचर्ड ब्राइट. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे जगभरचे डॉक्टर मूत्रपिंडाच्या दुखण्याला त्यांच्याच नावाने, ‘ब्राइटचा आजार’ म्हणून ओळखत राहिले.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९चा, ब्रिस्टल बंदरातला. वडील बडे व्यापारी आणि बँकेचे भागीदार. घराण्याचा पैसा वेस्ट इंडीजच्या व्यापारातला होता, आणि त्या काळच्या ब्रिस्टलमध्ये त्या व्यापाराचा पाया गुलामांच्या कष्टांवर उभा होता, हेही नोंदवायला हवे. मुलाला पोटासाठी धावपळ करण्याची गरज नव्हती. एडिंबरोला शिकत असतानाच, १८१०च्या उन्हाळ्यात, तो सर जॉर्ज मॅकेन्झी यांच्या मोहिमेबरोबर आइसलँडला गेला आणि तिथल्या वनस्पती व प्राण्यांच्या नोंदी करून आला. १८१३ साली वैद्यकाची पदवी मिळाली. त्यानंतर पुन्हा प्रवास. नेपोलियनच्या पराभवानंतर युरोपचा नकाशा नव्याने आखणारी व्हिएन्नाची परिषद भरली, तेव्हा ब्राइट त्या शहरात होते. तिथून ते हंगेरीत उतरले. शेती, द्राक्षमळे, जिप्सींच्या वस्त्या असे सगळे पाहत आणि रेखाटत हिंडले. १८१८ साली निघालेल्या त्यांच्या जाडजूड प्रवासवर्णनात चित्रेही त्यांच्याच हातची आहेत.

ही भटकंती वाया गेली असे मात्र म्हणता येणार नाही. समोर जे दिसते ते आधी नीट पाहायचे, काढून ठेवायचे, अर्थ मागाहून लावायचा, ही सवय त्यांना तिथेच लागली. वैद्यकात त्या काळी या सवयीचाच दुष्काळ होता.

१८२० साली ते गाय्ज हॉस्पिटलमध्ये सहायक फिजिशियन झाले, १८२४ साली पूर्ण फिजिशियन. संसाराच्या बाजूने हीच वर्षे वाईट गेली. १८२२ साली लग्न झाले आणि वर्षभरातच, बाळंतपणानंतर काही दिवसांत, पत्नी मार्था वारली. तान्हे मूल मागे राहिले. ब्राइट यांचा दिवस हॉस्पिटलमध्येच जाऊ लागला. वॉर्डात आणि शवविच्छेदनाच्या खोलीत मिळून रोजचे सहा तास, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. दुसरे लग्न त्यांनी १८२६ साली केले.

वॉर्डात अंगावर सूज घेऊन येणारे रुग्ण पुष्कळ असत. सकाळी उठल्यावर पापण्या जड, मग पाय, मग पोट. बोटाने दाबले की त्वचेत खळगा राहायचा. ही सूज हाच एक आजार मानला जाई. कोणी दोष यकृताला देई, कोणी हृदयाला, कोणी गारठ्याला. काही रुग्णांच्या लघवीत प्रथिन असते हे ब्राइट यांच्या आधीही माहीत होते. इटलीत कोतुन्यो यांनी अठराव्या शतकातच ते पाहिले होते, इंग्लंडमध्ये वेल्स आणि ब्लॅकॉल यांनी त्यावर लिहिलेही होते. पण ही लघवी आणि मूत्रपिंड यांची सांगड कोणी पक्की घातली नव्हती.

ब्राइट यांनी ती घातली, आणि तीही साध्या चिकाटीने. सूज असलेल्या ज्या रुग्णांची लघवी चमच्यात थिजे, त्यांची नावे त्यांनी वेगळी ठेवली. त्यातले बरेच जण दगावत. मग त्यांची मूत्रपिंडे काढून, चिरून पाहायची. कुठे ती मोठी, फिकट, ठिपकेदार झालेली असत, कुठे आकसून कडक, वरून खडबडीत. सूज होती पण लघवी थिजत नव्हती, अशांची मूत्रपिंडे मात्र बहुधा ठीक आढळत, त्यांच्यात दोष यकृताचा किंवा हृदयाचा निघे. १८२७ साली त्यांनी अशा दोन डझन रुग्णांची हकिगत रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केली. सूज, थिजणारी लघवी आणि बिघडलेले मूत्रपिंड या तीन गोष्टी त्यात प्रथमच एका ओळीत आल्या.

ही जोडणी किती अचूक होती, हे कळण्यासाठी मूत्रपिंड करते काय ते पाहायला हवे. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, कण्याच्या दोन्ही अंगांना हे दोन अवयव असतात. आकार राजम्याच्या दाण्यासारखा, लांबी साधारण तळहाताच्या रुंदीएवढी, वजन प्रत्येकी सुमारे दीडशे ग्रॅम. एवढ्याशा अवयवांना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा मिळतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे सुरुवातीला अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुंता, त्याभोवती वाटीसारखे वेष्टन, आणि वाटीच्या तळातून निघालेली लांब वळणदार नळी. गुंता म्हणजे गाळणी. रक्ताच्या दाबाने त्यातून पाणी, क्षार, साखर, युरिया असे बारीक कण पलीकडे जातात, रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने अलीकडेच राहतात.

असे गाळलेले पाणी दिवसाकाठी सुमारे १८० लिटर भरते. घरातल्या बादलीने मोजले तर नऊ-दहा बादल्या. लघवी मात्र होते साधारण दीड लिटर, कारण बाकीचे सगळे पाणी, सगळी साखर आणि बहुतेक मीठ नळीतून पुढे जाताना परत रक्तात घेतले जाते. म्हणजे मूत्रपिंड आधी जवळपास सगळेच बाहेर काढते आणि मग हवे ते निवडून आत घेते. घर आवरताना कपाट पूर्ण रिकामे करून मग एकेक वस्तू परत लावावी, तसा हा प्रकार. उधळा वाटतो, पण शरीरात नको असलेला कोणताही बारीक पदार्थ त्यामुळे आपोआप बाहेर पडतो.

आता गाळणीलाच भोके पडली तर? अल्ब्युमिन लघवीत उतरू लागते आणि चमच्यात थिजते. रक्तातले अल्ब्युमिन पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवत असते. ते कमी झाले की पाणी बाहेर झिरपते. शिवाय बिघडलेले मूत्रपिंड मीठही नीट टाकू शकत नाही, आणि मीठ साठले की पाणी साठते. सूज येते ती या दोन्ही वाटांनी. डोळ्यांभोवतीची त्वचा सैल, म्हणून ती आधी तिथे दिसते.

ब्राइट यांना यातली अंतर्गत रचना माहीत नव्हती. ती वाटी आणि नळी यांचे नाते विल्यम बोमन यांनी लंडनमध्येच १८४२ साली दाखवून दिले. पण रसायनाची बाजू ब्राइट यांनी सोडली नव्हती. जॉन बोस्टॉक नावाचे डॉक्टर त्यांच्या मदतीला होते. परागकणांच्या त्रासाने येणाऱ्या शिंकांचे, ज्याला हे फिव्हर म्हणतात त्याचे, पहिले तपशीलवार वर्णन करणारे हेच बोस्टॉक, आणि त्या वर्णनातला रुग्णही ते स्वतःच. त्यांनी ब्राइट यांच्या रुग्णांचे रक्त आणि लघवी तपासली. रक्तात अल्ब्युमिन कमी आढळले. लघवीत युरिया कमी, आणि जिथे तो साठायला नको त्या रक्तात मात्र युरिया सापडला. जे टाकायचे ते आत राहत होते, जे राखायचे ते वाहून जात होते. रुग्ण फिके का पडतात, शेवटी त्यांना झटके का येतात, ते बेशुद्ध का होतात, याचा शोध इथून सुरू झाला. फिकेपणाचे कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. लाल रक्तपेशी तयार करण्याचा निरोप देणारे संप्रेरक मूत्रपिंडातच बनते, आणि मूत्रपिंड खराब झाले की तो निरोपच जात नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेने टिपली. १८३६ साली त्यांनी शंभर रुग्णांच्या शवविच्छेदनाचा तक्ता मांडला. त्यात अनेकांचे हृदय मोठे आणि जाड झालेले होते, पण बऱ्याच जणांच्या झडपांमध्ये दोष नव्हता. मग हृदय वाढले कशाने? रक्त बदलल्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून ते ढकलणे हृदयाला जड जात असावे, अशी शक्यता ब्राइट यांनी मांडली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन १८९६ साली आले. म्हणजे साठ वर्षे आधी, दाब मोजता येत नसताना, केवळ हृदयाची जाडी पाहून त्यांनी उच्च रक्तदाबाची चाहूल घेतली होती. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब वाढतो आणि रक्तदाब वाढला की मूत्रपिंड आणखी बिघडते, हे दुष्टचक्र आजही डॉक्टरांची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे.

१८४० नंतरच्या काही वर्षांत गाय्जमध्ये एक वेगळाच प्रयोग झाला. सहा महिन्यांसाठी दोन वॉर्ड केवळ या आजाराच्या रुग्णांना दिले गेले. पुरुषांसाठी २४ खाटा, स्त्रियांसाठी १८, आणि लागूनच एक छोटी प्रयोगशाळा. रुग्णाची खाट आणि परीक्षानळी शेजारी-शेजारी ठेवण्याची ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती.

एवढे करूनही ब्राइट यांच्या हाती उपचार नव्हता. रक्त काढणे, जुलाब देणे, घाम आणणे, उबेत ठेवणे, हेच त्यांच्याकडे होते आणि तेच ते करत. त्यातल्या काही उपायांनी आधीच फिक्या पडलेल्या माणसाचे नुकसानच होत असणार. लोहितज्वरानंतर, म्हणजे घसा सुजून अंगावर लाल पुरळ उठवणाऱ्या तापानंतर, हा आजार होतो हे त्यांनी ओळखले होते. त्या घशातल्या जंतूंवर आज पेनिसिलिन आहे. त्यांच्या वॉर्डातल्या रुग्णाला मात्र आपल्या दुखण्याचे नेमके ठिकाण कळले, सुटका मिळाली नाही. मूत्रपिंडाचे काम यंत्राकडून करून घेणारे डायलिसिस कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये १९४३ साली माणसावर वापरले, आणि मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण बोस्टनमध्ये १९५४ साली झाले.

१८३७ साली ब्राइट राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांपैकी एक झाले. प्रवास आणि चित्रे यांची हौस शेवटपर्यंत टिकली. १६ डिसेंबर १८५८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. कारण मूत्रपिंड नव्हते, हृदयाची महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडचा विख्यात अभियंता ब्रुनेल गेला, ज्याच्या आराखड्यावरचा झुलता पूल ब्राइट यांच्या ब्रिस्टलमध्ये आहे. त्याला जडला होता ब्राइटचाच आजार.

त्यांची चमच्याची परीक्षा अजून पुरती निवृत्त झालेली नाही. लहान प्रयोगशाळेत परीक्षानळीतली लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून पाहतात, ती हीच. रंग बदलणारी कागदी पट्टीही तेच विचारते. गरोदर बाईची लघवी प्रत्येक तपासणीत पाहतात तीही अल्ब्युमिनसाठी, कारण वाढता रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन ही गरोदरपणातल्या एका गंभीर धोक्याची खूण असते. लघवीला फेस आला म्हणजे मूत्रपिंड गेले असे नव्हे, जोराच्या धारेनेही फेस येतो. उलट मधुमेहात गाळणीला पडणारी पहिली सूक्ष्म गळती इतकी थोडी असते की तापवूनही दिसत नाही. तिच्यासाठी लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांच्या प्रमाणाची वेगळी तपासणी आहे. मधुमेह असलेल्यांनी ती वर्षातून एकदा करावी असा सल्ला देतात, आणि तो पाळणारे थोडे असतात. त्या टप्प्यावर सूज नसते, वेदना नसते, तक्रारच नसते, म्हणून.

‘ब्राइटचा आजार’ हे नाव मात्र आता वापरात उरलेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाचा कण सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागला, तेव्हा त्या एका नावाखाली अनेक निरनिराळे आजार दडले आहेत हे उघड झाले. ब्राइट यांना त्याची शंका होती. पहिल्याच पुस्तकात त्यांनी बिघडलेल्या मूत्रपिंडांचे तीन प्रकार वेगळे दाखवले होते. त्यांच्या रुग्णांची काही मूत्रपिंडे गाय्जच्या संग्रहात बरण्यांमध्ये जपून ठेवली गेली. त्यातल्या तिघांचे तुकडे १९७२ साली, सुमारे दीडशे वर्षांनी, नव्या पद्धतीने तपासण्यात आले. तिघांचा आजार एकसारखा निघाला नाही.